भात निघालं की दोन गुंठे केशरी रताळं लावा: मुंबई-ठाणे-पालघर-रायगड पट्ट्यासाठी रब्बीचा सल्ला

परतीचा पाऊस गेला आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की आपल्या पट्ट्यात, म्हणजे वसई, वाडा, पालघर, शहापूर, मुरबाड, कर्जतपासून ते पार मुंबईतल्या आरे आणि गोराईच्या पाड्यांपर्यंत, सगळीकडे तोच प्रश्न. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात निघालं, आता रानात काय टाकायचं? कोणी वाल टाकतं, कोणी हरभरा, ज्याच्याकडे पाणी आहे तो काकडी-कलिंगडाकडे जातो, आणि बरेच जण रान तसंच सोडून वीटभट्टीवर नाहीतर पहिली लोकल पकडून मुंबईत कामाला. यंदा त्यातले फक्त दोन गुंठे बाजूला काढा आणि केशरी गराचं रताळं लावा. जास्त नको, दोनच. आणि त्यातला पहिला माल बाजारात न नेता घरच्या पोरांना खाऊ घाला.

असं का म्हणतोय ते सांगतो. जव्हार-मोखाड्यातलं कुपोषण १९९२ पासून पेपरात येतंय, तिथल्या वावर-वांगणी गावाचं नाव तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं. पोट भरतं पण अंगाला लागत नाही असा तो प्रकार आहे, भात-मीठ किंवा भात आणि पातळ डाळ एवढ्यावर पोर वाढतं, त्याला लोह मिळत नाही, जस्त मिळत नाही, अ जीवनसत्त्व मिळत नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं की आधी संध्याकाळच्या मिणमिणत्या उजेडात दिसेनासं होतं, डोळे कोरडे पडतात आणि गोवर, जुलाब असलं काही झालं तर पोर त्यातून लवकर उठत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे की जगात दरवर्षी अडीच ते पाच लाख मुलं याच कमतरतेमुळे आंधळी होतात आणि त्यातली निम्मी वर्षाच्या आत दगावतात. हा आकडा गरीब देशांचा आहे, आपण त्यातून सुटलोय असं समजू नका.

आता यावर सरकारी डोस आहेच. बाळ नऊ महिन्यांचं झालं की पहिला, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. तो डोस चुकवायचा नाही, रताळं खातोय म्हणून डोस नको असं कोणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका. पण डोस सहा महिन्यांतून एकदा आणि जेवण रोज, म्हणून जगभरात शास्त्रज्ञ लोकांनी वेगळा रस्ता धरला की जे पीक गरीब माणूस रोज खातो त्यातच पोषण वाढवायचं. तेही कारखान्यात नाही, शेतात, बियाण्यातच. रेशनच्या तांदळात अलीकडच्या वर्षांत जे वेगळे दाणे दिसायला लागले ना, ते कारखान्यात करून शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले असतात, त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ असतं. ते प्लास्टिकचे नाहीत हो, किती वेळा सांगायचं, तांदूळ निवडताना नेमके तेच दाणे वेचून कोंबड्यांना टाकणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. बियाण्यातल्या पोषणाचा फायदा हाच की ते वेचून टाकता येत नाही, आणि एकदा बेणं आपल्या रानात आलं की दरवर्षी कोणाच्या ट्रकची वाट बघायची गरज नाही.

मग एवढी पिकं असताना रताळंच का? कारण रंग दिसतो. जस्त वाढवलेला भात आणि साधा भात शेजारी शेजारी ठेवा, तुम्हालाही कळणार नाही आणि दुकानदारालाही नाही, पिशवीवर जे छापलंय त्यावर विश्वास ठेवायचा बस. त्यात जमिनीतच जस्त नसेल तर दाण्यात कुठून येणार. रताळ्याचं तसं नाही, कापलं की आतून केशरी निघालं म्हणजे त्यात बीटा कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते, आहे, पांढरं निघालं म्हणजे फसवलं. शेतकऱ्याला प्रयोगशाळा लागत नाही. आणि रताळं वेलाच्या तुकड्यापासून लागतं त्यामुळे जात बदलत नाही, आज जे लावलं तेच दहा वर्षांनी.

आफ्रिकेत हे करून झालंय. मोझांबिक आणि युगांडात लोक पांढरं रताळं रोज खायचे, भाकरीच्या जागी म्हणा ना. तिथे २००७ ते २००९ या काळात साधारण २४ हजार कुटुंबांना केशरी जातीचे वेल दिले, बायकांना मुलांच्या खाण्याचं समजावलं, आणि मुलांच्या पोटात जाणारं अ जीवनसत्त्व खरंच वाढलं. यामागच्या चौघांना, मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा, जॅन लो आणि हॉवर्थ बूइस, २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आंद्रादेबाईंनी तर गाड्यासुद्धा केशरी रंगवून गावोगाव फिरवल्या. मला यातली आवडलेली गोष्ट अशी की त्यांनी आधी उत्पन्न आणि चव बघितली, औषध म्हणून विकलं नाही. औषध म्हणून कोणी आठवडाभर खाईल, चव लागली तर जन्मभर.

आपल्याकडची जात म्हणजे भू सोना. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने काढलेली, २०१७ ची. शंभर ग्रॅमला साधारण १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, नेहमीच्या जातींत दोन-तीन. उत्पन्न हेक्टरी १९-२० टन धरतात. ही जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेली नाही, साध्या निवडीतून आलेली जात आहे, त्यामुळे परवानगी वगैरेची भानगड नाही. पण एक लक्षात घ्या, तिची शिफारस ओडिशासाठी झालेली आहे, आपल्या लाल मातीत आणि दमट हवेत ती कशी वागते हे तुमच्याच रानात दिसेल, म्हणून तर दोन गुंठे म्हणतोय, एकर नाही. त्याच संस्थेची श्री कनका नावाची जुनी केशरी जात पण आहे, तीही चालेल.

बेण्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात विचारा, तिथे कंदपिकांच्या अखिल भारतीय प्रकल्पाचं केंद्र आहे. पालघरवाल्यांना कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र जवळ, रायगडवाल्यांना किल्ला रोह्याचं. आधी फोन करा आणि मग निघा, वेल तयार असतीलच असं नाही. बाजारातून केशरी रताळं आणून त्याला कोंब काढून पण वेल करता येतात, वेळ लागतो फक्त, दीड-दोन महिने, म्हणजे या हंगामाला उशीर होतो. ज्यांना शे-दोनशेच तुकडे मिळतील त्यांनी तेवढेच लावा, दीड महिन्याने त्याच वेलाचे शेंडे कापून पुढचं रान भरता येतं.

आता लागवड. रान कुठलं निवडायचं ते महत्त्वाचं. भाताचं चिखलणी केलेलं काळं चिकट खाचर सुकलं की दगड होतं, त्यात रताळी बारीक, लांबुडकी, वाकडी येतात. वरकस म्हणजे खाचरांच्या वरची उताराची जमीन, बांधालगतची हलकी जागा, उत्तन-अर्नाळ्याकडची रेताड जमीन, ही रताळ्याला उत्तम. गोराई-मनोरीकडे ज्यांची खाजणाची जमीन आहे त्यांनी नाद सोडा, खाऱ्या जमिनीत हे पीक जमत नाही. खाचरातच लावायचं असेल तर वाफसा आल्याबरोबर नांगरून ढेकळं फोडा, शेणखत गुंठ्याला ५० किलो टाका आणि चांगले वीतभर उंच वरंबे ओढा. दोन वरंब्यांत ६० सेंटिमीटर, वरंब्यावर दोन तुकड्यांत २० सेंटिमीटर. या हिशोबाने गुंठ्याला ८४० च्या आसपास तुकडे बसतात.

तुकडा शेंड्याकडचा घ्या, वीतभरापेक्षा थोडा मोठा, तीन-चार डोळे असलेला. वेलाच्या बुडाकडचा तुकडा जून असतो आणि त्यातून सोंड्या भुंग्याची कीड येण्याची शक्यता जास्त. कापल्यावर लगेच न लावता एक-दोन दिवस सावलीत गोणपाटाखाली ठेवा, पाणी शिंपडत राहा, मुळं लवकर फुटतात. लावताना मधला भाग मातीत आणि दोन्ही टोकं वर, किंवा तिरकं खुपसून दोन डोळे मातीत गेले तरी चालतं. पहिले दहा दिवस एक दिवसाआड पाणी, मग आठवड्याने, जमीन बघून. विहीर नसेल तर ओहोळावर वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा बांध, आत्ताच घाला, डिसेंबरात घालून काय उपयोग, तोपर्यंत पाणी गेलेलं असतं.

खत कमी लागतं. गुंठ्याला किलोभर युरिया, दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाऊण किलोच्या वर थोडं म्युरेट ऑफ पोटॅश, एवढंच. अर्धा युरिया लावताना, अर्धा महिन्या-सव्वा महिन्याने. युरिया जास्त टाकला की वेल असा माजतो की बघणारे म्हणतात वा काय पीक आहे, आणि खणलं की खाली बोटाएवढी मुळं. पोटॅशला मात्र कंजुषी नको, रताळं त्यावरच पोसतं. ज्यांना रासायनिक नकोच त्यांनी शेणखत वाढवा आणि चुलीची राख टाका. दोन आठवड्यांनी एकदा आणि पाच आठवड्यांनी परत, तण काढून मातीची भर द्या. वेल जमिनीवर पसरला की पेरापेराला मुळं धरतो आणि ताकद वाटली जाते, म्हणून मधेमधे उचलून ठेवायचा, तोडायचा नाही.

मोठा शत्रू सोंड्या भुंगा. काळा-निळा, मानेशी लाल, मुंगीसारखा दिसतो, त्याची अळी रताळं आतून पोखरते आणि तेवढं रताळं कडू होतं, गुरंसुद्धा खात नाहीत. रब्बीत जमीन तडकते आणि त्या भेगांतून तो खाली उतरतो, म्हणून भेगा दिसल्या की लगेच माती ओढून बुजवा, पाण्याचा ताण देऊ नका. कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर भुंगे ओढून घेणारा, गुंठ्याला एक लावा. मागच्या वर्षी रताळी होती त्याच जागी परत नको, आणि काढणीनंतर सडकी, पोखरलेली रताळी शेतात टाकून जाऊ नका, पुढच्या वर्षाचे भुंगे त्यातच वाढतात.

दुसरा शत्रू चार पायांचा. कर्जत, मुरबाड, जव्हारकडे रानडुकरं आणि आरे-नॅशनल पार्कच्या कडेला डुक्कर आणि साळिंदर दोन्ही, एका रात्रीत वरंबे उलटे करतात. यावर खात्रीचा उपाय मला तरी माहीत नाही. घराला लागून असलेलं रान निवडा, कुत्रा असतो, माणसाचा वावर असतो, एवढंच सांगू शकतो. करंटच्या तारा लावू नका, त्यात माणसं मेली आहेत.

मुंबईत रेल्वे लाईनच्या कडेला भाजी करणाऱ्यांनाही कोणी ना कोणी सांगणार, तुम्ही लावा म्हणून. नाल्याच्या पाण्यावर पोषणाचं पीक घेऊ नका, एवढं माझं स्पष्ट मत आहे. बोअरचं किंवा नळाचं पाणी असेल तरच. गच्चीवाल्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती-शेणखत भरून दोन-तीन तुकडे लावावेत, सहा तास ऊन हवं, माल थोडाच मिळेल पण पाला तर मिळेल. रताळ्याचा कोवळा पाला माठासारखा परतून खातात, तोही चांगला असतो, फक्त शेंडे सतत खुडत बसलात तर खाली रताळी धरणार नाहीत.

काढणी साडेतीन महिन्यांनी. पानं पिवळी पडायला लागतात, एखादं काढून कापून बघा, चीक पांढरा सुकला तर तयार, काळपट-हिरवट झाला तर थांबा. काढणीच्या तीन आठवडे आधी पाणी बंद करा आणि खणायच्या दोन दिवस आधी एक हलकं पाणी द्या म्हणजे माती भुसभुशीत होते. कुदळीने साल फुटलेली वेगळी काढा, ती आधी खा. बाकीची धुवू नका, सावलीत चार-सहा दिवस पसरून ठेवा, साल घट्ट होते, गोडी पण वाढते.

विक्रीचं गणित उपवासावर आहे, हे मुंबईला माल पाठवणाऱ्याला सांगायला नको. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात लागलेलं रताळं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत निघतं, म्हणजे महाशिवरात्रीला. कॅलेंडरात तारीख बघा आणि ११५ दिवस मागे मोजा, त्याच्या आत लावून मोकळे व्हा. गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं भात असलेल्यांना हे साधणार नाही, त्यांनी घरासाठीच लावावं. गिऱ्हाईक दादर, बोरिवली, विरार स्टेशनबाहेर पहिल्यांदा बघून विचारणारच की हे आतून असं का, रंग लावलाय का. एक रताळं उकडून, कापून टोपलीवर ठेवा, चव द्या. आणि खरं सांगून विका, केशरी जाती पांढऱ्याइतक्या पिठूळ नसतात, थोड्या ओलसर लागतात, किसापेक्षा उकडून किंवा निखाऱ्यात भाजून जास्त छान लागतात. वाशीच्या मार्केटला दोन-चार गोण्या घेऊन जाऊ नका, तिथे मिसळून जाईल आणि पांढऱ्याचाच भाव मिळेल.

घरच्या खाण्याचा हिशोब सोपा आहे. रताळ्यातल्या बीटा कॅरोटीनच्या बारा भागांतून शरीर एक भाग अ जीवनसत्त्व बनवतं. तीन वर्षांच्या पोराची रोजची गरज साधारण ४०० मायक्रोग्रॅम. भू सोनासारख्या गडद जातीचा ५० ग्रॅमचा तुकडा, शिजताना थोडं कमी होतं ते धरूनसुद्धा, एवढी गरज भागवतो. फिकट केशरी असेल तर जास्त खावं लागेल. सोबत स्निग्ध हवंच, नाहीतर अंगी लागत नाही, थोडं तूप, खुरासणीचं तेल, नाहीतर मूठभर शेंगदाणे, काहीही. सालीसकट उकडा, भाताच्या कुकरातच टाका. काप करून कडक उन्हात वाळवून ठेवायची सवय असेल तर सावलीत वाळवा, उन्हात रंग उडतो आणि रंगाबरोबर कॅरोटीनही जातं. अंगणवाडीच्या सेविकाताईंशी आत्ताच बोलून ठेवा, अमृत आहार योजनेचं जेवण गावातच शिजतं, तिथे आठवड्यातून एकदा गावचंच रताळं गेलं तर वाहतूक नाही, काही नाही.

घाटावरचे वाचणारे असतील तर तुमच्यासाठी वेगळं. तुमचं पीक बाजरी. धनशक्ती ही जात आपल्या राहुरीच्या विद्यापीठाने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने मिळून काढलेली, महाराष्ट्रात २०१२ ला आली, लोहासाठी मुद्दाम निवडलेली, किलोला ७० मिलिग्रॅमच्या वर लोह, आणि ती संकरित नाही त्यामुळे बी घरचं धरता येतं. नगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना लोहवाल्या बाजरीची भाकरी आणि शेव खायला देऊन अभ्यास झालाय, चार महिन्यांत लोह सुधारलं होतं. उन्हाळी बाजरी करणाऱ्यांनी जानेवारीच्या पेरणीसाठी बी आत्ताच सांगून ठेवा. जिरायत गहू करणाऱ्यांना पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा वाण आहे, प्रथिनं, लोह आणि जस्त तिन्ही बरं. भातात डीआरआर धान ४५ ही जात जस्तासाठी आहे, पण तो पुढच्या खरिपाचा विषय आणि कर्जतच्या जातींशेजारी लावून बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

सोनेरी तांदळाचं, म्हणजे जनुक बदलून बीटा कॅरोटीन घातलेल्या तांदळाचं काय, असं कोणीतरी विचारतंच. पोट्रिकस आणि बायर या दोन शास्त्रज्ञांनी तो २००० साली जाहीर केला, फिलिपिन्सने २०२१ ला लागवडीला परवानगी दिली आणि २०२४ ला तिथल्या कोर्टाने थांबवली. भारतात परवानगी नाही. त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, आणि कोणी ते बियाणं म्हणून काही विकत असेल तर घेऊ नका.

काढणी झाली की सगळा वेल गुरांना घालू नका. चांगल्या, कीड नसलेल्या झाडांचे शे-दीडशे शेंडे काढून विहिरीजवळ नाहीतर न्हाणीच्या पाण्यावर, आंब्याच्या हलक्या सावलीत एका वाफ्यात लावून ठेवा आणि मे महिना काढा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की त्याचे तुकडे नवरात्राच्या मालासाठी वरकस जमिनीवर जातील आणि उरलेले शेजारच्याला देता येतील, फक्त देताना एक रताळं कापून रंग दाखवून द्या.